चोरबाजारातला गंजका वस्तरा दाढीला कसा आणायचा: नवख्यांसाठी

जुन्या वस्तऱ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचाल. गंज काढता येतो, फुटकी मूठ बदलता येते, बोथट धार पुन्हा लावता येते, पण घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. नवीन माणूस पहिलं काय करतो, तर वस्तरा हातात आला रे आला की त्याला चकाचक करायला घेतो, आणि शंभर वर्षं टिकलेलं पातं एका रविवारात वाया घालवतो. त्यामुळे लेखभर मी "जरा हात आखडता घ्या" हेच सांगत बसणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

आणि वस्तरा म्हणजे सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून अडकवतात तो नाही बरं का. तो आता सगळीकडे आहे आणि स्वच्छतेच्या दृष्टीने सलूनमध्ये तोच बरा. मी म्हणतोय तो अख्ख्या पात्याचा, घडी घालून मुठीत जाणारा, धार गेली की दगडावर लावायचा आणि रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत सलूनवाल्या काकांच्या धोपटीत असायचा तो. १९०३ मध्ये जिलेटचा सेफ्टी रेझर विकायला आला तेव्हा पहिल्या वर्षी फक्त ५१ नग गेले, पुढच्याच वर्षी आकडा ९० हजारांच्या वर, आणि तिथून या वस्तऱ्याचे दिवस फिरले. पण तोवर इतके बनून गेले होते की आजही माळ्यावरच्या पेटीत, गावच्या घरी फडताळात, कुठे ना कुठे एखादा निघतोच. बाजारात जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून बघा, फुकटचा वस्तरा तो फुकटचा वस्तरा.

आधी अंग ओळखा

वरची जाड बाजू म्हणजे पाठ, खालची धार, पुढे टोक, मागे मुठीकडे टाच. टाचेच्या मागे जाड मान, आणि तिथून वळून वर आलेली शेपटी जिच्यावर करंगळी टेकते. मूठ म्हणजे दोन पाट्या, पुढे एका रिव्हेटवर पातं फिरतं, मागच्या टोकाला दोन पाट्यांच्या मध्ये छोटी पाचर असते. या पाचरीमुळे पाट्यांच्या मध्ये जागा राहते आणि पातं मध्ये बसतं.

पाठ नुसती वजनाला नसते. धार लावताना वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. म्हणजे कोन किती हा प्रश्नच तुमच्या हातात नाही, पाठीच्या जाडीने तो ठरवून दिलेला आहे, साधारण सोळा-सतरा अंशाच्या आसपास. कुणी ग्राइंडरवर पाठ खाऊन टाकली असेल तर तो कोनच बिघडला. म्हणून घेताना धारेइतकंच पाठीकडे बघायचं.

रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात, ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. पात्याच्या दोन्ही बाजू किती खोलगट घासल्यात त्यावरून प्रकार पडतात. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने जाडजूड असतात, आडवा छेद जवळजवळ सरळ पाचरीसारखा, आणि नंतरचे जर्मन इतके पातळ की नखाने टिचकी मारली तर किणकिणतात. पहिला वस्तरा माझ्या मते ५/८ किंवा ६/८ चा, खोलगट घासणीचा जर्मन घ्यावा. जाड इंग्लिश पातं दिसायला रुबाबदार असतं, हातात घेतलं की मोहात पडायला होतं, पण दगडावर त्याचा मोठा पृष्ठभाग घासावा लागतो आणि नवख्याचा जीव जातो.

कुठे शोधायचा

मुंबईत उत्तर एकच, चोरबाजारातली मटन स्ट्रीट. चोरबाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर बाजार भरतो आणि खरी गंमत तिथे असते. दुकानात वस्तरा मिळाला तर तो पुसलेला, "अँटीक" म्हणून काचेत ठेवलेला आणि किंमतही त्याच थाटाची. रस्त्यावर चादरीवर जुने नळ, चष्म्याच्या फ्रेमी, रेडिओचे नॉब यांच्या ढिगात एखादा पडलेला असतो आणि विकणाऱ्याला त्याचं फारसं कौतुक नसतं. तुम्ही विचारता, "भाई, ये उस्तरा देखूँ क्या?" आणि तो बोलतो, "देखो ना साब, अंग्रेज के टाइम का है." कुठलाही असो, "अंग्रेज के टाइम का"च असतो. आपण मान डोलवायची आणि आपलं काम करायचं.

काम म्हणजे बघणं. घड्याळवाले डोळ्याला लावतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा, बाकी काही नसलं तरी चालेल. पातं उघडायच्या आधी पाट्या हलवून बघा, रिव्हेट सैल असेल तर पातं डगमगतं आणि बोट कापतं. मग उघडून धार वर करून उजेडाकडे धरा आणि टाचेपासून टोकापर्यंत हळूहळू फिरवा. नीट धार उजेड परत देत नाही, काळी रेघ दिसते. जिथे पांढरं चमकलं तिथे बोथट किंवा तुटकी. बारीक टवके असतील तर घाबरू नका, दगडावर जातात. पण भिंगातून धारेपासून वर पाठीकडे जाणारी केसासारखी रेघ दिसली तर ती चीर आहे, तो वस्तरा तिथेच खाली ठेवायचा. पातळ पात्यात ती गंजाच्या डागाखाली लपते, म्हणून बोटाला थोडं तेल लावून तो डाग पुसून पुन्हा बघा. चीर पडलेलं पातं दाढीच्या कामाचं उरत नाही, कितीही सुंदर असलं तरी.

गंजाचंही तसंच आहे, कुठे आहे ते महत्त्वाचं. पाठीवर, मानेवर, शिक्क्याच्या आसपास काळे खड्डे असले तरी चालतात, म्हाताऱ्या माणसाला सुरकुत्या असणारच. पण धारेला लागून खड्डे असतील तर तुम्ही धार लावत जाल तसे ते पुढे येत राहतील आणि धार तिथे तिथे झडत राहील. मग पाठीकडे बघा, तिच्यावर दगडाने घासून झालेला सपाट पट्टा असतो, तो बारीक आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नाहीच, असं दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने दाबून घासलंय. आणि धार मध्ये आत गेलेली, दोन्ही टोकं खाली आलेली असेल तर नका घेऊ, ती सरळ करायची म्हणजे पुन्हा पोलाद उडवणं आलं. उलट मध्ये किंचित पोट असलेली धार चांगली, ती जुनी पद्धतच आहे.

अजून एक प्रकार दिसतो, नवा कोरा, नक्षीदार पितळी किंवा डमास्कस पॅटर्नची, म्हणजे लाटांसारख्या रेघांची मूठ, पात्यावर वाघ-सिंह, पण कंपनीचा पत्ता नाही. हे शोभेचे. वस्तऱ्याच्या आकाराची वस्तू इतकंच, धार लागत नाही आणि लागली तर टिकत नाही.

भावाबद्दल काही सांगत नाही, तो तुमच्या चेहऱ्यावर ठरतो. फक्त भिंग काढलं की भाव चढतो हे लक्षात ठेवा, त्यामुळे आधी किंमत विचारायची आणि मग भिंग काढायचं.

शिक्के वाचायला शिका

मानेवर, म्हणजे टाचेच्या मागच्या सपाट भागावर, कंपनीचं नाव आणि गाव ठोकलेलं असतं. सगळ्यात जास्त दिसणारी दोन गावं म्हणजे इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगन. त्यांच्या मागोमाग स्वीडनचं एस्किल्स्टुना, तिथलं हेल्येस्ट्रांड हे नाव दिसलं तर दोनदा विचार न करता घ्या. शेफील्डमध्ये जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस, वोस्टनहोमचं आय एक्स एल, वेड अँड बुचर. झोलिंगनमध्ये हेन्केल्सची जुळी माणसं, ही खूण १७३१ पासून नोंदलेली आहे, आणि बोकरचं झाड. नावं पाठ करायची गरज नाही, दहा-बारा वस्तरे हाताळले की आपोआप डोळ्यात बसतात.

वय ओळखायला थोडा इतिहास कामाला येतो. अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ली कायदा केला आणि तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, त्याच्या तीन वर्षं आधी ब्रिटनने फसव्या शिक्क्यांविरुद्ध कायदा केला होता. म्हणून "जर्मनी" लिहिलेला वस्तरा बहुतेक वेळा त्यानंतरचा, आणि नुसतं गावाचं नाव असलेला त्याच्या आधीचा असू शकतो. मुकुटाच्या दोन बाजूंना "व्ही आर" असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. स्टेनलेस लिहिलेलं असेल तर १९१३ च्या नंतरचा हे नक्की, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रेअरलीचं स्टेनलेस त्याच वर्षीचं. आणि "कास्ट स्टील" वाचून बिडाचं समजू नका, मुशीत वितळवून ओतलेलं उत्तम पोलाद असतं ते, अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने शेफील्डमध्ये ती पद्धत बसवली.

हे सगळं अंदाज बांधायला. शिक्के खोटेही मारले जायचे, झोलिंगनच्या नावाला तर १९३८ मध्ये कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं, यावरून काय ते समजा.

मूठ कशाची आहे

ही गोष्ट लोक सोडून देतात आणि नंतर पस्तावतात. जुन्या मुठी साधारण शिंगाच्या, हाडाच्या, लाकडाच्या, कडक रबराच्या, सेल्युलॉइडच्या किंवा बेकलाइटच्या (ही दोन्ही जुन्या काळची प्लास्टिकं) असतात.

पिवळसर पांढरी मूठ दाखवून "असली हाथीदांत" सांगणारे भेटतील. भिंगातून बघा. अगदी समांतर, सरळ, नीट आखलेल्या रेघा असतील तर ते सेल्युलॉइड, हस्तिदंताची नक्कल. एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसली तर मात्र खरंच हस्तिदंत असण्याची शक्यता आहे आणि मग तो वस्तरा खाली ठेवून पुढे चालायला लागायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे, "जुना आहे" हे सांगून सुटका होत नाही. कासवाच्या पाठीच्या मुठींचंही तेच.

सेल्युलॉइडची वेगळीच भानगड. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतं आणि म्हातारं झालं की कुजायला लागतं. मूठ चिकट लागते, बारीक चिरा पडतात, आंबूस वास येतो, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने मुठीत मिटून ठेवलेलं पातं नेमकं तेवढ्याच भागात गंजतं. तुमचा वस्तरा मुठीच्या आकाराएवढाच गंजला असेल तर संशय मुठीवर. अशी मूठ काढून टाका आणि इतर वस्तऱ्यांच्या पेटीत अजिबात ठेवू नका, शेजारचेही गंजतात. आणि ओळखायला तापवलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, कापूर येतो का बघा, बस.

शिंगाच्या जुन्या मुठीत मागची पाचर पुष्कळदा शिशाची असते. राखाडी, मऊ, नखाने ओरखडा पडणारी. तिला पॉलिश पेपर मारायचा नाही, हात लागला तर साबणाने धुवायचे, घरात लहान मुलं असतील तर काम गॅलरीत. शिंग वाळून पांढुरकं पडलं असेल तर नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) दोन-तीन दिवस बुडवून ठेवलं की काळा रंग परत उजळतो. शिंगाला कीड लागते, बारीक भोकं दिसली तर घेताना विचार करा.

साफसफाई, पायरी पायरीने

सामान मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात एका फेरीत मिळतं. वॉटर पेपर ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबर, चार शून्याची स्टील वूल, डब्ल्यूडी-४०, एक धातूची पॉलिश, बारीक कानस, रिव्हेट बाहेर काढायला पातळ पंच, छोटी बॉल-पीन हातोडी (एका बाजूला गोल टोकाची), आणि इलेक्ट्रिकची इन्सुलेशन टेप. ब्रासो घरात असेलच.

पहिलं काम, धारेवर टेप लावणं. बोथट वस्तरासुद्धा बोट उघडतो, आणि साफ करताना हात घसरतो तो नेमका धारेकडेच.

मग निर्जंतुक करणं. दुसऱ्याच्या दाढीचा वस्तरा आहे, कुणाच्या ते माहीत नाही, रक्तातून पसरणारे आजार गमतीचे नसतात. पातं सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवा, मूठ बाहेर ठेवून, कारण सेल्युलॉइडला अल्कोहोल चालत नाही. नंतर पुसून लगेच तेलाचा हात. ब्लीच वापरू नका, पोलाद खातं.

आता गंज. डब्ल्यूडी-४० मारा आणि एक रात्र ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी स्टील वूलने, पात्याच्या लांबीच्या दिशेने, पाठीकडून धारेकडे नाही तर आडवं टाचेकडून टोकाकडे, हलक्या हाताने. लाल गंज बहुतेक याच पायरीला निघतो आणि खाली काळपट डाग उरतात. इथे थांबा, खरंच थांबा. तो काळपट थर बसलेला, स्थिर असतो, पुढे पसरत नाही, आणि दाढीला त्याचा काहीही त्रास नाही. मला विचाराल तर नव्वद टक्के वस्तऱ्यांना इतकंच पुरे.

तरी कुणाला अजून साफ हवंच असेल तर वॉटर पेपर, ओला करून. खोडरबरावर किंवा बुचाच्या तुकड्यावर गुंडाळायचा, ६०० पासून सुरू, आणि प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरच्या रेघा जाईपर्यंत थांबायचं. पातं टेबलाच्या कडेला लाकडाच्या पट्टीवर आडवं टेकवा, अधांतरी धरून घासलं तर पातळ पातं वाकून चिरतं. शिक्क्याच्या जवळ पेपर नेऊ नका, एकदा अक्षरांच्या कडा मऊ झाल्या की त्या वस्तऱ्याची ओळखच गेली. पात्यावर सोनेरी अक्षरं किंवा चित्रं असतील तर तिथे पॉलिशही नाही, तो मुलामा एका पुसण्यात जातो.

ड्रिलला बफ लावून किंवा ग्राइंडरवर काम करायचा मोह होईल. नको. हे पोलाद कडक करून मग दोनशे अंशांच्या आसपास पाणी दिलेलं असतं, आणि धारेजवळ ते इतकं पातळ की मशीनवर काही सेकंदात त्याच्या वर तापतं. निळा रंग दिसला म्हणजे तीनशेच्या घरात गेलं, तिथलं पाणी उतरलं, आता ती जागा धार धरणार नाही. याच कारणासाठी खाली आवाज देत येणाऱ्या सायकलवरच्या धारवाल्याकडेही द्यायचा नाही. सुऱ्या, कात्र्या खुशाल द्या, त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण फिरत्या चाकावर वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही जातात.

मूठ उघडायची का?

शक्यतो नाही. रिव्हेटजवळचा गंज कानात घालायच्या कापसाच्या काडीने आणि तेलाने बराच निघतो. रिव्हेट सैल असेल तर लोखंडी पाटावर टेकवून दोन्ही बाजूंनी हातोडीच्या गोल टोकाने टुकटुक, टुकटुक, इतकं हलकं की शेजारच्यांना ऐकू जाऊ नये.

मूठ फुटलीच असेल तर उघडायला लागते. रिव्हेटचं डोकं बारीक कानशीने घासून सपाट करा, वॉशर सुटतो, मग पंचाने आत ढकला. नवीन रिव्हेट पितळी सळीचा, जाडी १.६ मिलिमीटर किंवा १/१६ इंच. सळी पाटीच्या बाहेर दोन्हीकडे मिलिमीटरभरच ठेवायची. जास्त ठेवली की डोकं होण्याऐवजी वाकते. वॉशर टाकून एका बाजूला थोडं ठोका, उलटं करा, दुसऱ्या बाजूला थोडं, पातं मिटून मध्ये बसतंय का ते प्रत्येक वेळी बघा. गडबडीत एका फटक्यात शिंगाची पाटी तडकते. नवीन मूठ करायची तर सागाच्या पातळ पट्टीवर हात बसवा, फर्निचरवाल्याकडे कपटे मिळतात.

धार

इथे खरी मजा आहे आणि खरा वेळही.

दगड दोन प्रकारे घेता येतात. एक, १००० नंबर, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि शेवटी १२००० चा फिनिशर. महागात पडतं. दुसरं, एक १००० चा दगड आणि पुढे लॅपिंग फिल्म, म्हणजे अगदी बारीक घासणारी प्लास्टिकची पातळ शीट, ९, ३ आणि १ मायक्रॉनची. मार्बलवाल्याकडून ग्रॅनाइटचा पॉलिश केलेला तुकडा घ्या, ओट्यातून कापून उरलेला चालतो, स्टीलची पट्टी उभी धरून सपाट आहे का बघा, त्यावर पाणी शिंपडून फिल्म चिकटवा. नवख्याला मी हेच सांगतो, खर्च कमी आणि फिल्म सपाटच राहते. दगड मात्र वापरून मध्ये खोल होतो, त्याला काचेवर वॉटर पेपर ठेवून सपाट करत राहायला लागतं.

१००० वर जाण्याआधी धारेच्या दोन्ही बाजूंना परमनंट मार्करची रेघ मारा. पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, पात्याचं वजन तेवढाच दाब, एक फेरी तिकडे, पाठीवर पलटवा, एक फेरी इकडे. धारेवर पलटवलं तर केलेलं सगळं गेलं. आठ-दहा फेऱ्यांनंतर मार्कर कुठे पुसला गेला ते भिंगातून बघा. टाचेपासून टोकापर्यंत अगदी काठाला पुसला गेला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. मध्येच राहिला तर फेऱ्या वाढवा, दाब वाढवू नका. दगड अरुंद असेल तर पातं सरकवत तिरकं न्यायचं, टाच आधी दगडावरून उतरते आणि टोक शेवटी. पाठ जपायची असेल तर तिच्यावर टेपचा एक थर लावा, झिजला की बदला, आणि एकदा लावून सुरू केलं तर शेवटपर्यंत लावूनच.

ही पहिली पायरी पूर्ण झाली की नाही यावर सगळं अवलंबून आहे. हातावरचे केस अख्ख्या धारेने, टाचेने, मध्याने, टोकाने, सारखे उडत नाहीत तोवर पुढच्या नंबरवर जायचं नाही. लोकांचं बहुतेक अडतं ते इथेच, १००० वर अर्धवट सोडतात आणि १२००० च्या दगडाला शिव्या घालतात. आणि किचनच्या सुरीसारखी एका बाजूला घासून दुसरीकडे बारीक खरखरीत कड आणायची पद्धत इथे चालत नाही, एकाआड एक बाजू.

पुढचे नंबर म्हणजे आधीच्या रेघा पुसत जाणं, दाब कमी कमी करत. शेवटी पातं पाण्यावर चिकटून ओढल्यासारखं वाटायला लागलं की झालं.

पट्टा

चामड्याचा पट्टा नसेल तर वस्तरा घेऊच नका. धारावीत लेदरच्या दुकानांत पट्ट्या कापून मिळतात, पण क्रोम टॅनिंगचं मऊ पर्सचं चामडं नको, झाडाच्या सालीत कमावलेलं हवं, कोल्हापुरी चपलेला लागतं त्या जातीचं. दोन इंच रुंद, हातभर लांब, गुळगुळीत बाजू वर, एका टोकाला रिंग. मागे जाड सुती कापडाची दुसरी पट्टी लावली तर उत्तम.

पट्ट्यावर दिशा उलटी, पाठ पुढे, धार मागे. ताणून धरा, पातं आडवं, पाठ कधीच उचलायची नाही, शेवटाला पाठीवरच पलटवायचं. आधी कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास. घाई केली की पट्ट्याला चिरा पडतात, आणि पहिल्या पट्ट्याला त्या पडणारच, म्हणून पहिला स्वस्तातला घ्या. प्रत्येक दाढीच्या आधी हे करायचं, दगड मात्र काही महिन्यांतून एकदा.

पहिली दाढी

अंघोळीनंतर, भरपूर फेस, फक्त गाल. त्वचा दुसऱ्या हाताने ताणून, पातं साधारण तीस अंशात, छोट्या छोट्या ओढी, केसांच्या दिशेने. आडवं सरकवायचं नाही, कधीच नाही, चाकू आडवा सरकला की कापतो तसंच. हनुवटी आणि मिशीखाली सुरुवातीचे काही आठवडे नेहमीचा रेझर वापरा, लाज कसली. बेसिनमध्ये टॉवेल घडी करून ठेवा, कारण धुताना धार नळाला टेकली की टवका उडतो आणि तुम्ही पुन्हा १००० वर. खेचतोय असं वाटलं तर ढकलू नका, थांबा, पट्ट्यावर फिरवा, तरी खेचला तर धारच अर्धी आहे.

मुंबईत सांभाळणं

आपल्याकडे समुद्राची हवा आणि जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम. कार्बन स्टील एका रात्रीत ठिपके धरतं. बाथरूममध्ये ठेवणं बंद. दाढी झाली की पातं पुसा, टाच आणि रिव्हेटच्या फटीत टिश्यूची घडी घालून ओढा, पाणी तिथेच लपतं, मग पंख्याखाली उघडं ठेवा, अर्ध्या तासाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पुसा, धारेकडून पाठीकडे नको, पाठीकडून धारेकडे. खोबरेल लावू नका, चिकट होतं आणि खवट वास मारतं. चामड्याच्या म्यानात कायमचं घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं. प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नव्या बुटांच्या खोक्यातल्या साठवत जा, पण सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा हवाबंद डब्यात कोंडायचा नाही, त्याला कापडात सैल गुंडाळून कपाटात उंचावर, इतरांपासून लांब. पावसाळ्यात दर रविवारी डबा उघडून सगळ्यांवर एक नजर, कुठे नारिंगी ठिपका दिसला तर तेल आणि स्टील वूल, तिथल्या तिथे. आणि गावाला विमानाने जाणार असाल तर वस्तरा चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत निघाला तर तो सिक्युरिटीवाल्यांकडेच राहणार.